मदत हवी आहे: सोसायटीच्या खतखड्ड्याला वास सुटलाय

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. मार्चमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात विटांचे दोन हौद बांधून ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. दोन महिने झकास चाललं. पाऊस सुरू झाला आणि सगळं बिनसलं. खालून काळं पाणी झिरपतंय, वर पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. तळमजल्यावरच्या काकू खिडकी उघडत नाहीत आणि मी दिसलो की नाकाला पदर लावतात!

वाळलेला पाला संपलाय, हे माझ्या लक्षात आलंय. ओलं जास्त आणि हवा कमी झाली की सडणारच. पण ऐन पावसात कोरडं आणायचं कुठून? नारळाचा भुसा परवडतो का? लाकडाच्या वखारीतला भुसा चालेल का? प्लायवुडचा असला तर त्यातल्या डिंकाची भीती वाटते. आंबट ताक शिंपडून कोणाला गुण आला का?

दुसरं दुखणं माणसांचं. घनकचरा नियमांनुसार ओला-सुका वेगळा देणं बंधनकारक आहे, तरी काल भाजीच्या देठांत डायपर निघालं. कचरावेचक ताईंनी ते हाताने बाजूला काढलं, मलाच लाज वाटली. दंड लावावा तर समितीत भांडणं. कोणी हे जमवलंय का, आणि कसं?

रविवारी मीटिंग आहे. हौद बुजवायचा ठराव येतोय, त्याआधी काहीतरी सुचवा.