कप वापरा म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या संडासाची कडी बघावी

सिडकोची_शिक्षिका
आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर काल पाळीच्या कपाबद्दल (आत बसवायचा, रक्त साठवणारा, धुऊन परत वापरायचा) एक पोस्ट आली. ‘अजून पॅड वापरणाऱ्या बायकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. कप घ्या, दहा वर्षांची चिंता मिटवा. सबबी सांगू नका.’ खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून लिहितेय.

मी स्वतः चार वर्षं कप वापरते, नाशिकला सिडकोतल्या घरी. नळाला पाणी आहे, बाथरूमला दार आहे, उकळायला वेगळं पातेलं आहे. कपाबद्दल तक्रार नाही. पण माझी शाळा पेठ तालुक्यात आहे आणि पहिले दोन दिवस तिथे मी पॅडच लावते. तिथल्या संडासाला आतून कडी नाही. एका हाताने दार ओढून धरायचं. पाणी बाहेरच्या टाकीतून डब्यात न्यायचं, एप्रिलनंतर तेही अर्धा डबा. उरलेल्या एका हाताने कप काढायचा, ओतायचा, धुवायचा, दुमडून परत बसवायचा आणि तसल्याच हाताने खडू धरायचा? पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो धो पडतं आणि मे महिन्यात बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. त्या बाईला सबबी सांगू नको म्हणायचं?

२०१८ साली अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळायला लागले. त्या चार दिवसांत घरी बसणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुली तेव्हा शाळेत यायला लागल्या. पॅडला नावं ठेवताना त्यांची आठवण ठेवा.

मखमलाबादची_मी
ताई, ती पोस्ट मीच पुढे पाठवली होती. कडी नाही हा कपाचा दोष कसा? कप १२ तासांपर्यंत ठेवता येतो. सकाळी घरी लावा, संध्याकाळी घरी काढा, शाळेत हात लावायचं कारणच नाही. पॅड तर चार-सहा तासांनी बदलावंच लागतं. ते त्याच संडासात बदलता ना? आणि टाकता कुठे? त्याचा खालचा थर प्लॅस्टिकचा असतो, आतली जेलही कुजत नाही. महिन्याला १२ पॅड धरले तरी वर्षाला दीडशेच्या आसपास जातात. २०१८ च्या जुलैत पॅडवरचा जीएसटी उठला म्हणून कचरा कमी झाला नाही.

सिडकोची_शिक्षिका
१२ तास हे ज्यांना बेताचं जातं त्यांचं गणित. मला गर्भाशयात गाठी आहेत. पहिल्या दिवशी कप चार तासांत भरतो. एकदा वर्गात तो भरून वाहिला. पदर मागून गुंडाळून मधल्या सुट्टीपर्यंत भिंतीला पाठ लावून शिकवलं. सातवीतल्या एका मुलीला कळलं. तिने न बोलता स्वतःचा स्वेटर आणून दिला, कमरेला बांधायला.

निफाडची_सून
ताई, तुमचं दुःख कळतं, पण मी मखमलाबादवाल्या ताईंच्या बाजूची. आमच्या द्राक्षबागेत संडास नाही. डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंगच्या (मणी विरळ करण्याच्या) दिवसांत मांडवाखाली दिवसभर हात वर. पूर्वी सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत तेच. घामाने कडा घासून मांड्या सोलायच्या, पाय फाकवून चालायचे. पॅड बांधाला पुरलं तर कुत्री उकरायची. आता पहाटे कप लावते, दिवसभर बघत नाही.

पण ‘चिंता मिटली’ हे खोटं. शिकायला तीन पाळ्या गेल्या. पहिल्यांदा निघेचना, न्हाणीत बसून रडले. उकिडवं बसून, खाली जोर देऊन, कपाचं बूड दोन बोटांनी दाबलं, हवा सुटली तेव्हा आला. नुसतं देठ ओढायचं नसतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सातपूरचा_भाऊ
बायकांच्या बोलण्यात पडतोय, माफ करा. माझा भाऊ घंटागाडीवर आहे. लोक पॅड उघडंच ओल्या कचऱ्यात फेकतात, तो हाताने वेगळं करतो. नीट गुंडाळून द्यावं, कंपन्यांनी त्यासाठी वेष्टन द्यावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलंय. पुण्यात कागदात बांधून वर लाल ठिपका काढा अशी मोहीम झाली. आपल्याकडे एक वर्तमानपत्राचा तुकडाही जड होतो. काय वापरायचं ते वापरा, त्याच्या हाताचा विचार करा.

नाशिकरोडच्या_आजी
एवढा खल कशाला? आम्ही जुन्या लुगड्यांच्या घड्या वापरल्या. धुतल्या, वाळवल्या, परत वापरल्या. काही झालं नाही.

पंचवटीतली
काही झालं नाही कसं, आजी? माझी आई श्रावणात घड्या परकराखाली वाळत घालायची, घरातल्या पुरुषांना दिसू नयेत म्हणून. त्या वाळायच्याच नाहीत. तो कुबट वास अजून नाकात आहे. मी आता शिवलेले कापडी पॅड वापरते आणि गॅलरीतल्या दोरीवर उन्हात घालते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी चेअरमनकडे तक्रार केली आणि जिन्यात नोटीस लागली, ‘आक्षेपार्ह कपडे दर्शनी भागात वाळत घालू नयेत.’ माझ्या मुलीने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, आक्षेपार्ह म्हणजे काय?

इंदिरानगरकर
त्या गृहस्थांचंही ऐकून घ्या. वरून काहीतरी टाकायला काय जातं? माझ्या आईने आयुष्यभर कुणाला दिसू दिलं नाही. मोकळेपणा म्हणजे प्रदर्शन नव्हे.

पंचवटीतली
प्रदर्शन? धुतलेलं कापड आहे ते! त्याच दोरीवर घरातल्या पुरुषांच्या चड्ड्या वाळतात, त्यांना नोटीस लागली नाही. आईने दिसू दिलं नाही म्हणता. तिला काय सोसावं लागलं हे कधी विचारलंत?

निफाडची_सून
दादा, तुमच्यासारखेच आमच्याकडे बागेत संडास नको म्हणतात. बायकांचं काहीच दिसायला नको, कामाला मात्र बायका हव्यात.

इंदिरानगरकर
मी बागेबद्दल एक शब्द बोललो नाही. वाटेल ते माझ्या माथी मारू नका.

नाशिकरोडच्या_आजी
भांडू नका. मघाशी चुकीचं लिहिलं मी. माझ्या धाकट्या जावेला वर्षभर खाज आणि पांढरं जाणं होतं. सासूबाई दवाखान्यात नेऊ देईनात. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, कापड कुठे वाळवता? पलंगाखाली, असं मीच सांगितलं. दोरीवर घालणं मला अजून पटत नाही, पण काही झालं नाही असं म्हणायला नको होतं.

परिचारिका_नाशिक
कापड आधी थंड पाण्यात, मग साबणाने धुवावं आणि पूर्ण सुकवावं. ऊन-वारा हवा. ओलसर घडी परत घेऊ नये, एवढं पाळलं तर कापड चांगलं.

कपाबद्दल: २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता, ३,३०० हून अधिक बायका-मुलींचा. गळती पॅडइतकीच किंवा कमी आढळली आणि सवय व्हायला काही पाळ्या लागतात हेही त्यात आहे. निफाडच्या ताईंना तीन लागल्या, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप काढताना ती सरकू शकते. आणि आया मला विचारतात, कपाने मुलीचा योनिपडदा फाटेल का? पडदा ताणला जाऊ शकतो, पण त्यावरून मुलीचं चारित्र्य ठरत नाही. हे मी रोज सांगते, रोज सांगावं लागतं.

इंदिरानगरकर
आत्ता आईला फोन केला. ती पत्र्याच्या खोलीत पोत्यामागे वाळवायची, पावसाळ्यात ओलंच परत घ्यायची. पंचेचाळिसाव्या वर्षी मला हे कळतंय. प्रदर्शन हा शब्द मागे घेतो. बाकी मत तेच आहे.

मखमलाबादची_मी
शिक्षिकाताई, कप हाच चांगला, हे मी सोडणार नाही. पण ‘सबबी’ हा शब्द पुढे पाठवायला नको होता. तुमच्या मुलींसाठी वीस कप घेऊन देऊ का?

सिडकोची_शिक्षिका
आत्ता नको. उकळायला घरात चूल एकच, तीही सासू नाहीतर आईच्या ताब्यात. द्यायच्याच असतील तर कड्या द्या. चार दारं आहेत, पत्र्याची. आतून बसवायच्या, म्हणजे रिव्हेट मारणारा माणूस लागेल. आणि झाकणाच्या दोन बादल्या.

सातपूरचा_भाऊ
रिव्हेटचं काम मी करतो. रविवारी सुट्टी असते. दाराची जाडी मोजून कळवा.