एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, 40 मुलं: व्हिडिओच्या पुढे काय?

खडूफळा:
सहावीचा गणिताचा वर्ग, पट 40. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि शिक्षकाचा फोन एवढंच हाताशी. मुलांकडे उपकरणं नाहीत. नेट येऊन-जाऊन असतं. दशांश अपूर्णांकांचे व्हिडिओ दाखवले की वर्ग चिडीचूप. "समजलं का?" विचारलं की एकसुरात "हो", आणि चाचणीत 0.35 हे 0.4 पेक्षा मोठं! कहूट हे प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप सगळेच सुचवतात, पण त्याला सहसा मुलांच्या हाती उपकरणं लागतात. दुसरा मार्ग आहे का?

चौकट:
प्लिकर्स हे अ‍ॅप बघा. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड मिळतं. त्यावर चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही अ‍ॅपचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय ते नोंदलं जातं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. 40 कार्डांचा संच साइटवरून उतरवून छापता येतो.

गडबड होते ती छपाईत आणि धरण्यात. चकचकीत लॅमिनेशन करू नका, दिव्याचा उजेड परावर्तित होऊन नक्षी वाचली जात नाही. साध्या जाड कागदावर छापा. बोटं काळ्या भागावर आली तरी कार्ड वाचलं जात नाही, म्हणून कडेच्या पांढऱ्या पट्टीला धरायला शिकवा. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात. अशा वेळी बाजूला सरकून स्कॅन करा. फोन सावकाश फिरवा. मागची रांग सुटत असेल तर दोन पावलं पुढे जा.

कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा. अ‍ॅपमध्ये पूर्ण नावं भरायची गरज नाही, क्रमांक पुरतो.

दोनचार:
कार्डं ठीक, पण प्रश्न पोकळ असेल तर हा नुसता खेळ होतो. तुमचंच उदाहरण घ्या. "0.4 मोठं की 0.35?" हा प्रश्न फसवा आहे. काही मुलं "जितके जास्त अंक तितकी संख्या मोठी" समजतात, ती चुकतील. पण "जितके कमी अंक तितकी मोठी" असं उलटं समजणारीही असतात. त्यांचं उत्तर बरोबर येईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

त्याऐवजी विचारा: सर्वांत मोठी संख्या कोणती? ए) 0.3, बी) 0.45, सी) 0.125, डी) तिन्ही समान. इथे बी बरोबर. सी निवडणारा अंक मोजतोय, ए निवडणारा उलट्या समजुतीचा आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज हवा, नाहीतर अ‍ॅपमधला उत्तरांचा आलेख बघून पुढे काय करायचं ते कळत नाही.

क्रम असा: 1 मिनिट न बोलता विचार, मग स्कॅन. या वेळी पडद्यावरचा आलेख झाकलेला ठेवा. उंच खांब दिसला की चर्चा संपली, सगळे तिकडेच वळतात. मग 2-3 मिनिटं शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा स्कॅन. हार्वर्डमध्ये प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरलेली ही पद्धत. त्यांचा अंदाज: पहिल्या स्कॅनला बरोबर उत्तरं 30 ते 70 टक्के असतील तर चर्चा फळते. 30 च्या खाली असेल तर चर्चेत वेळ घालवू नका, पुन्हा शिकवा. 70 च्या वर असेल तर थोडक्यात समजावून पुढे चला.

एका तासाला असे दोन प्रश्न पुरे. पाच ठेवलेत तर चर्चा उरकली जाते.

शेवटचा_बाक:
मागून प्रश्न वाचता येतो का तेही बघा. शेवटचा बाक 8 मीटरवर असेल तर पडद्यावर अक्षराची उंची निदान 3 सेंटिमीटर हवी. पट्टी लावून मोजा, फॉन्टच्या आकड्यावर जाऊ नका. दशांश चिन्ह तर आणखी ठळक करा, नाहीतर 0.45 चं 045 दिसतं.

नेट गेलं तर तास वाया घालवू नका. मुलांनी छातीजवळ 1 ते 4 बोटं दाखवायची, "आता!" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम. नोंद राहत नाही, पण निर्णयापुरता अंदाज येतो.

खडूफळा:
आभार. दुसऱ्या स्कॅनलाही निम्मी मुलं चुकली तर?

दोनचार:
मग तोच प्रश्न तिसऱ्यांदा नको, चित्र बदला. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही. (0.3, 0), (0.45, 0), (0.125, 0) हे बिंदू एकेक करून टाका. प्रत्येक वेळी एंटर दाबण्याआधी बिंदू कुठे पडेल ते मुलांना वहीतल्या रेषेवर दाखवायला सांगा. आधी अंदाज नसेल तर हाही व्हिडिओच. मग 0 ते 0.5 एवढाच भाग झूम करा. राउंडिंग 2 दशांश स्थळांवर असेल तर 0.125 चं 0.13 दिसतं आणि नवाच घोळ होतो. आधी सेटिंगमध्ये 3 स्थळं करून घ्या.

आणि शेवटी नव्या संख्या घेऊन तसाच प्रश्न: 0.6, 0.72, 0.508. जुनाच प्रश्न दिला तर उत्तर पाठ झालेलं असतं.