सांगा, पण रात्रीच्या मेसेजवर नको
शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीला मनातलं सांगू का, असं विचारलंत. सांगा की! फक्त रात्री अकराला व्हॉट्सॲपवर नको. लातूरला नोकरीत असताना मी तेच केलं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही मान वर करवेना, आणि संध्याकाळी गंजगोलाईत भाजी घेताना पुन्हा गाठ! (गाव लहान, पळणार कुठं?)

सुटल्यावर चहाला विचारा, दोन वाक्यांत बोला. नाही म्हणाली, किंवा नुसतं हसून विषय बदलला, तर तिथंच थांबा. परत परत विचारलं की तो त्रास होतो. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून केलेल्या २०१३ च्या कायद्यानं दहा माणसांच्या ऑफिसातही त्यासाठी तक्रार समिती लागते.

तुम्ही तिचे साहेब असाल तर मात्र विषयच काढू नका. तिनं नाही कसं म्हणायचं?