नवख्यांना ‘सोर्सवरून कंपाइल कर’ हा सल्ला देणं थांबवा

निशिगंध:
सोमवारी मोगरी यांनी इथे साधा प्रश्न विचारला होता. आजोबांचं जुनं छापील पुस्तक स्कॅन केलंय, ते युनिकोडमध्ये आणायचंय, उबुंटू लिनक्सवर टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) कसं टाकू? खटपट्या यांनी उत्तर दिलं, “पॅकेज टाकू नकोस, सोर्स उतरव आणि स्वतः कंपाइल कर, तरच लिनक्स कळेल.” म्हणजे तयार प्रोग्राम न घेता मूळ कोड घेऊन तो आपल्या मशीनवर बांधायचा. मोगरींच्या तीन संध्याकाळी त्यात गेल्या. आज त्यांचा मेसेज आला, “मला हे जमणारं नाही वाटतं.” तो वाचल्यापासून माझं डोकं तापलंय.

काय झालं ते सांगते. कन्फिगर (लागणाऱ्या गोष्टी मशीनवर आहेत का ते तपासणारी स्क्रिप्ट) नीट चाललं, मेक (कोड बांधणारी कमांड) चाललं, सुडो मेक इन्स्टॉलही झालं. मग कमांड दिली तर शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा सामायिक कोड) सापडत नाही म्हणे. नव्या लायब्ररींची नोंद करायला एलडीकॉन्फिग चालवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते केल्यावर पीएनजी फाइल उघडेना. कारण लेप्टोनिका (टेसरॅक्टसाठी चित्रं उघडणारी लायब्ररी) कंपाइल करताना मशीनवर लिबपीएनजीचं डेव्ह पॅकेज (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल) नव्हतं. ते नसलं तरी लेप्टोनिका अडत नाही, पीएनजी वगळून गुपचूप तयार होते. नवख्या माणसाला हे कुठून कळणार?

आणि हे सगळं कशासाठी? मराठीचं पॅकेज उबुंटूत आयतं आहे, टेसरॅक्ट-ओसीआर-मार. त्याहून अचूक मॉडेल हवं असेल तर टेसरॅक्टच्याच टेसडेटा-बेस्ट या संग्रहातली मराठीची फाइल उतरवून टेसडेटा फोल्डरमध्ये ठेवायची. भाषेची फाइल बदलायला प्रोग्राम कंपाइल करावा लागत नाही.

खटपट्या:
निशिगंध, माझ्यावर एवढं रागावण्याआधी मी असं का म्हणतो ते ऐका.

२००४ साली सांगलीत माझ्या घरी इंटरनेट नव्हतं. कॅफेत जाऊन टारबॉल (सोर्सचं गाठोडं) पेनड्राइव्हवर घ्यायचो, घरी येऊन कन्फिगर करायचो. अमुक लायब्ररी नाही म्हणून ते थांबलं की नाव कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी परत कॅफेत. एक प्लेअर चालू व्हायला अकरा दिवस लागले. पण हेडर फाइल म्हणजे काय, लिंकर काय करतो, लायब्ररी कुठे शोधली जाते, हे त्या अकरा दिवसांत कळलं, आजही त्याच जोरावर पोट भरतंय. मोगरींनी कन्फिगरचं आउटपुट वाचलं असतं तर पीएनजीच्या ओळीपुढे ‘नो’ दिसलं असतं. ते वाचायची सवय लागावी म्हणूनच सांगितलं होतं.

शिवाय स्वतः कंपाइल केलं की आपल्या मशीनवर काय चालतंय याची खात्री असते.

पिंपळपार:
खात्रीचं राहू द्या. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं काय झालं? ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये चोरवाट होती, आणि ती सुरू करणारी स्क्रिप्ट गिट रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती. तुम्ही ज्याला सोर्स म्हणून कवटाळता त्याच्या कन्फिगरमध्येच ती दडवलेली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून पकडली गेली. तुमच्यापैकी किती जण कन्फिगर चालवण्याआधी उघडून वाचतात?

खटपट्या:
मग हेही सांगा की ती स्क्रिप्ट डेब किंवा आरपीएम (लिनक्सचं तयार) पॅकेज बनतंय का ते तपासायची, आणि नसेल तर काहीच करायची नाही. हाताने कंपाइल करणारे त्यातून वाचले.

पिंपळपार:
वाचले ते हल्लेखोराने सोडलं म्हणून, कोड वाचला म्हणून नव्हे.

कोरा_कागद:
खरं दुखणं कुणी बोलतच नाहीये. आपल्याकडची पोरं कंपाइलला घाबरतात कारण कॉलेजने कंपाइल म्हणजे काय ते दाखवलेलंच नसतं. आमच्या लॅबमध्ये टर्बो सी, डॉसच्या काळातला जुना कंपायलर. निळी स्क्रीन, कंट्रोल-एफनाइन दाबलं की प्रोग्राम पळतो, सुरुवातीला स्क्रीन पुसणारा क्लिअरस्क्रीन आणि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारा गेटसीएच. चार वर्षांत मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा हे मेकला सांगणारी फाइल) हा शब्द एकदाही कानावर पडला नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिंकरची ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार पाहून मी कोडमध्ये स्पेलिंगची चूक शोधत बसलो होतो, दोन दिवस. लाज वाटली आणि रागही आला. ‘नो’ची ओळ वाचायला शिकवलं कुणी?

फळा_खडू:
मी शिकवतो, म्हणून उत्तर द्यावंच लागेल. एका बॅचला वीस मुलं, चालू मशीन चौदा, दोन तासांचं प्रॅक्टिकल. त्यातला अर्धा तास जर्नल तपासण्यात जातो, कारण जर्नल पूर्ण नसेल तर टर्मवर्कचे मार्क जातात आणि पालक दारात उभे राहतात. मी एक वर्ष लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर चालवून पाहिलं. ओरलला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी मुलांना विचारलं, “कोनिओ कुठाय?” ती टर्बो सीची हेडर फाइल, जीसीसीत नसते. मुलांचे मार्क गेले. पुढच्या वर्षी मी गुपचूप निळ्या स्क्रीनवर परत आलो. मास्तरांना शिव्या घालणं सोपं आहे.

कोरा_कागद:
शिव्या घातल्या नाहीत सर. पण मार्क वाचवायला मुलांना मोडीत निघालेली गोष्ट शिकवायची, हे तुम्हाला तरी पटतं का?

फळा_खडू:
नाही पटत. रात्री झोप येत नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल, पण दर जूनला लॅब उघडताना बोचतं. आणि तुम्ही? नोकरी लागल्यावर एकदा तरी कॉलेजात येऊन त्या पोरांना मेकफाइल दाखवलीत? बाहेर बसून बोलणाऱ्यांचा मला वीट आलाय.

कोरा_कागद:
नाही दाखवली. हे मान्य करायला जड जातंय, पण नाही दाखवली.

निशिगंध:
कॉलेजचा वेगळा धागा काढा, खरंच गरज आहे. पण मोगरींना परीक्षा द्यायची नाहीये, आजोबांचं पुस्तक वाचायचंय. खटपट्या, तुमचे अकरा दिवस तुम्ही स्वतः निवडले होते. त्यांच्यावर ते लादले गेले.

खटपट्या:
हे मात्र लागलं. ठीक आहे. त्यांना काय हवंय हे न विचारताच मी सल्ला दिला, तेवढं चुकलं. कंपाइल करायला शिकावं हे मत माझं अजूनही तेच आहे. पण पहिला प्रोग्राम छोटा हवा, डिपेंडन्सी (लागणाऱ्या इतर लायब्ररी) नसलेला, आणि न जमल्याने काही अडणार नाही असा.

मोगरी:
तुम्ही सगळे माझ्यावरून भांडताय म्हणून लिहिते. निशिगंध ताई, पॅकेज टाकलं, बेस्टमधली फाइलही ठेवली. पण कमांड दिली की अजून ती जुनीच आवृत्ती चालू होते.

खटपट्या:
कारण तुम्ही कंपाइल केलेली प्रत यूएसआर-लोकल-बिनमध्ये आहे आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, तो फोल्डर आधी येतो. सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल करा. टेसरॅक्टचं आणि लेप्टोनिकाचं, दोन्हीकडे.

मोगरी:
फोल्डर मी रागाने डिलीट केले.

खटपट्या:
हरकत नाही. तीच आवृत्ती पुन्हा उतरवा, तेच पर्याय देऊन कन्फिगर करा, मेक नको, थेट सुडो मेक अनइन्स्टॉल. नंतर एलडीकॉन्फिग, आणि नवीन टर्मिनल उघडून ‘व्हिच टेसरॅक्ट’ विचारा, कुठल्या फोल्डरमधली प्रत चालते ते कळेल. या वेळी कन्फिगर चालताना पीएनजीची ओळ तेवढी बघा.

मोगरी:
झालं. आता यूएसआर-बिन दाखवतंय, म्हणजे पॅकेजची प्रत. पीएनजीपुढे ‘नो’ होतं, दिसलं. पान १४ पर्यंत आले आहे. ‘विद्या’चं सगळीकडे ‘विघा’ होतंय, ते हाताने सुधारतेय.