येत्या हंगामातील आपल्या मुलांचे लॅक्रॉस संघ : अनुभव आणि अंदाज

मेरीलँडकर
या आठवड्यात थंडी जरा ओसरली आणि शेजारच्या मुलाने टोकाला जाळी असलेल्या लॅक्रॉसच्या स्टिकने गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव पुन्हा सुरू केला. तो एकसुरी ठोका ऐकताना थोरल्याचा हायस्कूलमधील शेवटचा हंगाम आठवला आणि हा धागा काढावासा वाटला. त्या वर्षी संघाचे तिन्ही अटॅकमन, म्हणजे गोल करणारी पुढची फळी, शाळा संपवून गेले होते. आदल्या वर्षीचे निम्म्याहून अधिक गोल त्यांचेच होते, त्यामुळे यंदा हा संघ तळाला जाणार असे पालकांमध्ये सरसकट बोलले जात होते. प्रत्यक्षात तो संघ विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, कारण गोली (गोलरक्षक) आणि त्याच्यापुढचे तीन डिफेन्समन सलग दुसऱ्या वर्षी एकत्र खेळत होते आणि त्यांच्यावर गोल चढवणे कोणालाच सोपे गेले नाही. पुढल्या वर्षी नेमके उलटे झाले. गोल करणारे हात भरपूर होते, पण चेंडू त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

आता धाकटा अकरावीत आहे आणि त्याच्या संघाचीही अवस्था तशीच आहे : पुढची फळी नवी, मागची जुनी. मेरीलँडमधील सरकारी शाळांत मार्चच्या आरंभी ट्रायआउट (संघनिवडीच्या चाचण्या) सुरू होतात आणि मेअखेर राज्याचे अंतिम सामने होऊन सारे आटोपते. इतक्या छोट्या हंगामात चुकलेली घडी बसवायला फारसा अवधी मिळत नाही. आपल्या मुलाच्या संघाचे येते वर्ष कसे जाईल हे आपण कशावरून ताडता, ते कृपया सविस्तर लिहावे.

गोलीची_आई (न्यू जर्सी)
आमचा गोली परत येत आहे, म्हणून मी आशावादी आहे. तो माझाच मुलगा असल्यामुळे हे मत एकांगी वाटेल, पण आकडेही तेच सांगतात. हायस्कूलच्या पातळीवर गोलाच्या दिशेने आलेल्या फटक्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक जो अडवतो तो गोली चांगला मानला जातो, आणि तेवढ्यावर संघ प्रत्येक सामन्यात टिकून राहतो. गोल सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद असतो, चेंडू भरीव रबराचा असतो आणि चांगल्या सीनियरचा (बारावीतल्या मुलाचा) फटका ताशी 80 मैलांच्या पुढे जातो. सामन्याआधी कोच त्याला जवळून टेनिसचे चेंडू मारतात आणि तो स्टिक खाली ठेवून नुसत्या हातांनी ते अडवतो. पहिल्या दहा-बारा चेंडूंतच त्याचे डोळे त्या दिवशी जागे आहेत की नाहीत हे मला बाकावरून कळते.

एक गोष्ट सर्वांनी तपासावी. छातीचे संरक्षक कवच प्रमाणित असणे 2021 पासून गोलींना आणि 2022 पासून मैदानावरील सर्व मुलांना बंधनकारक आहे. हृदयाच्या ठोक्यातील नेमक्या नाजूक क्षणी छातीवर चेंडू बसला तर धडधाकट मुलाचे हृदय बंद पडू शकते, हे या नियमामागचे कारण आहे. थोरल्या भावाचे जुने पॅड धाकट्याला देण्याची आपल्याकडे रीत असते, ती इथे पाळू नये. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र मैदानाच्या कडेला आहे ना, हेही पहिल्याच सरावाला विचारून घ्यावे.

फेसऑफचा_बाबा (उत्तर व्हर्जिनिया)
गोली आणि डिफेन्सचे महत्त्व मान्य आहे, पण माझ्या मते सगळ्यात आधी फेसऑफ, म्हणजे मैदानाच्या मध्यावर चेंडूसाठी होणारी दोघांची झुंज, पाहावा. प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यावर येतो, म्हणजे ज्याचा फेसऑफचा मुलगा जिंकतो त्याच्या संघाला गोल करूनही चेंडू परत मिळतो. गेल्या वर्षी आमच्या संघाकडे या कामाचा पक्का मुलगा होता आणि चौथ्या क्वार्टरमध्ये चार गोलांची पिछाडी आम्ही एकापेक्षा अधिक वेळा भरून काढली. तो आता कॉलेजला गेला आहे. त्याच्या जागी माझा मुलगा आणि दहावीतला आणखी एक जण असे दोघे तयारी करत आहेत.

हे कौशल्य बाहेरून दिसते त्यापेक्षा फार बारीक असते. दोघे खाली वाकतात, चेंडू दोघांच्या स्टिकच्या मधोमध असतो, पंच हात काढून घेतात आणि शिट्टी वाजते. त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात मनगट कोणाचे आधी वळले यावर सारे ठरते. नंतर दोघे शिंगे अडकलेल्या बैलांसारखे एकमेकांना रेटत राहतात आणि चेंडू बाहेर पडला की दोन्ही बाजूंचे विंगर (कडेला उभे असलेले खेळाडू) त्यावर तुटून पडतात. कित्येकदा फेसऑफचा मुलगा हरतो, पण विंगवरचा लाँग पोलवाला (लांब दांड्याची स्टिक असलेला बचावपटू) चेंडू उचलतो, आणि आकड्यांत ती जीत संघाच्याच खात्यावर पडते. म्हणून अंदाज बांधताना एकट्या त्या मुलाकडे न पाहता तो आणि त्याचे दोन विंगर अशा तिघांकडे पाहावे.

नाशिकचे_आजोबा
सर्वांना नमस्कार. माझा नातू व्हर्जिनियात दहावीत असून यंदा पहिल्यांदाच मोठ्या मुलांच्या संघात जाण्याची त्याला आशा आहे. आम्ही उभयता एप्रिलमध्ये तिकडे येत आहोत. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा नातवाचा रात्री फोन आला होता आणि मी क्रिकेटसाठी आनंदलो होतो तर तो लॅक्रॉससाठी. सामना पाहताना आमच्यासारख्यांनी कशावर नजर ठेवावी, हे कोणी सांगेल का?

फेसऑफचा_बाबा (उत्तर व्हर्जिनिया)
आजोबा, नमस्कार. ऑलिंपिकमधला प्रकार सहा-सहा जणांचा आहे. शाळेत दहा-दहा मुले खेळतात. तीन अटॅक, तीन मिडफिल्ड, तीन डिफेन्स आणि एक गोली. बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर होतात. आपल्या अर्ध्या भागात गोलीसह किमान चार आणि समोरच्या अर्ध्या भागात किमान तीन मुले कायम ठेवावी लागतात, त्यामुळे दोन्ही टोकांना पळण्याचे खरे काम मिडफिल्डच्या मुलांचे असते. आपण जमिनीवर पडलेल्या चेंडूकडे पाहावे. त्याला ग्राउंड बॉल म्हणतात आणि जो संघ असे चेंडू अधिक उचलतो, तो बहुतेक वेळा जिंकतो. नातू कोणत्या जागेवर खेळतो?

नाशिकचे_आजोबा
मिडफिल्ड. उत्तराबद्दल आभारी आहे.

फेसऑफचा_बाबा (उत्तर व्हर्जिनिया)
मग त्याला संधी आहे. मिडफिल्डच्या मुलांना कोच दर मिनिटा-दोन मिनिटांनी बदलतात, त्यामुळे दोन-तीन फळ्या लागतातच. दहावीतल्या मुलाला वार्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) शिरायला हीच जागा तुलनेने सोपी असते.

लाँग_आयलंडवासी
आमच्याकडे हायस्कूलच्या संघाचा अंदाज तिसरी-चौथीच्या मुलांकडे पाहून बांधतात. मॅनहॅसेट आणि गार्डन सिटी या शाळांमधला वार्षिक सामना 1935 पासून होत आला आहे. ज्या घरात आजोबा, वडील आणि काका तोच सामना खेळले, त्या घरातल्या मुलाच्या हातात स्टिक कधी आली हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. जिम ब्राऊन पुढे अमेरिकन फुटबॉलमुळे जगाला माहीत झाला, पण मॅनहॅसेटमध्ये तो लॅक्रॉसही खेळत असे. अशा शाळांतून एका वर्षी दहा सीनियर गेले तरी पाठोपाठ दहा तयार असतात. आपली मराठी मुले बहुधा सहावी-सातवीत हा खेळ सुरू करतात, त्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी सारख्या सफाईने खेळण्यात ती मागे पडतात. त्यावर भिंतीवरचा रोजचा सराव हाच उपाय आहे आणि तो फेब्रुवारीत सुरू करून भागत नाही, नोव्हेंबरपासून करावा लागतो.

फ्रिस्को_टेक्सास
लाँग आयलंडची परंपरा वाचून हेवा वाटला. आमच्याकडे हा खेळ राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेच्या कक्षेतच येत नाही. शाळेच्या नावाने खेळणारे संघ स्वतंत्र लीगमध्ये खेळतात, मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन आणि बसचा खर्च पालक उचलतात आणि कोषाध्यक्षही पालकांपैकीच एक असतो. सध्या ते काम माझ्याकडे आहे. नुसते हेल्मेट तीनशे डॉलर्सच्या वर जाते. ग्लोव्हज, पॅड आणि स्टिक धरली की नव्याने येणाऱ्या मुलाचे आईवडील दोनदा विचार करतात आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून आम्ही या हिवाळ्यात शाळा सोडून गेलेल्या मुलांची हेल्मेटे आणि पॅड गोळा केली. प्रमाणपत्राचा शिक्का पाहूनच घेतली, हे गोलीच्या आईंसाठी मुद्दाम लिहितो.

आमचे भवितव्य संख्येवर आहे. गेल्या वर्षी मुले कमी होती आणि मिडफिल्डच्या तीन फळ्यांऐवजी दीडच फळी होती. एप्रिलच्या उन्हात तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही बरोबरीत असायचो आणि चौथ्यात पाय उचलत नसत. यंदा फुटबॉलच्या संघातून पाच-सहा दांडगी मुले आली आहेत. त्यांना चेंडू झेलता येत नाही, पण अंगावर जाऊन अडवणे आणि दिशा ओळखून सरकणे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. कोचने त्यांच्या हाती लाँग पोल देऊन त्यांना डिफेन्समध्ये उभे केले आहे. मला यात मोठी आशा वाटते.

सिरॅक्यूजची_मावशी
बाहेर अजून बर्फ आहे. आमच्या मुलांचे पहिले दोन आठवडे जिममध्येच जातात आणि जिमच्या लाकडी जमिनीवर चेंडू जसा उसळतो तसा तो टर्फवर (कृत्रिम हिरवळीवर) उसळत नाही, त्यामुळे पहिल्या बाहेरच्या सामन्यावरून कोणीही निष्कर्ष काढू नये.

पण मला वेगळेच सांगायचे आहे. इथून जवळच ओनोन्डागा या मूळ अमेरिकन लोकांची भूमी आहे. हा खेळ त्यांचा आणि त्यांच्या सहोदर राष्ट्रांचा, म्हणजे हौडेनोशोनी लोकांचा. त्यांच्या श्रद्धेनुसार तो विधात्याने दिलेला खेळ आहे आणि आजारी माणसाला बरे वाटावे म्हणूनही तो खेळला जातो. लाकडी स्टिक हिकरीच्या झाडापासून करतात. लाफायेट हायस्कूलमध्ये त्यांची मुले शिकतात. तिथूनच थॉम्पसन बंधू पुढे आले आणि त्यांपैकी लाइल आणि माइल्स यांना 2014 मध्ये कॉलेज लॅक्रॉसचा सर्वोच्च मानला जाणारा टेवारटन पुरस्कार विभागून मिळाला. त्या परिसरातील मुलांविरुद्ध आमची मुले खेळतात तेव्हा एक फरक ठळकपणे दिसतो : ती मुले चेंडूकडे न पाहता पास देतात. आमचे कोच हेच घोटून घेत आहेत आणि या वर्षी आमच्या अटॅकची मदार त्यावरच राहील.

गोलीची_आई (न्यू जर्सी)
मावशी, फार छान लिहिलेत. मुलाला हे वाचून दाखवते.

चिंतातुर_पालक (मेरीलँड)
सगळ्यांचे संघ आणि अंदाज वाचते आहे. माझा मुलगा अकरावीत आहे आणि गेल्या वर्षी त्याला वार्सिटीतून वगळून जेव्हीत (शाळेच्या दुय्यम संघात) ठेवले. आता पुन्हा ट्रायआउट आहे. पहिल्या श्रेणीतील (डिव्हिजन वन) कॉलेजांच्या कोचना अकरावीच्या 1 सप्टेंबरपासून मुलांशी थेट संपर्क साधता येतो. तो दिवस आला आणि गेला, त्याचा फोन वाजला नाही. त्याच्या मित्राचा वाजला. तेव्हापासून तो जेवतानाही गप्प असतो. संघाचे काय होईल यापेक्षा त्याचे काय होईल याची मला काळजी वाटते.

मेरीलँडकर
ताई, तुमची घालमेल समजते. थोरल्याच्या वेळी मी पाहिले ते सांगतो. कॉलेजचे कोच मुलांना प्रामुख्याने उन्हाळ्यातील क्लब स्पर्धांत पाहतात. शाळेच्या हंगामात त्यांचे स्वतःचेच सामने चालू असतात. म्हणजे मार्च ते मे हे तीन महिने त्या शर्यतीपासून बरेचसे मोकळे आहेत आणि मुलाला ते तसेच मोकळे मिळू द्यावेत. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे संघ पंचाहत्तरच्या आसपासच आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत त्याहून कितीतरी अधिक आहेत आणि तिथली भरती बारावीपर्यंत चालते. दुसरे म्हणजे, ट्रायआउटमध्ये गोल करणारी मुले सगळ्यांनाच दिसतात. कोच शोधत असतात तो चेंडू गमावल्यावर आधी मागे पळणारा मुलगा. ज्या संघाची पुढची फळी नवी आहे, त्याला असे बचावात्मक मिडफिल्डर हवेच असतात. तुमचा मुलगा कुठे खेळतो?

चिंतातुर_पालक (मेरीलँड)
तो अटॅकवर खेळतो. पण जेव्हीत त्याला मिडफिल्डवर हलवले होते आणि तिथे तो रमला होता, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आले. बोलते त्याच्याशी.

फ्रिस्को_टेक्सास
ताई, आमच्याकडे पाठवून द्या, आम्हाला मिडफिल्डर हवेच आहेत. गमतीचा भाग सोडा, पण त्याला शुभेच्छा नक्की कळवा.

लाँग_आयलंडवासी
मेरीलँडकरांना एक प्रश्न आहे. आपली मागची फळी अनुभवी आहे असे लिहिलेत, पण चेंडू अडवल्यावर तो पुढे नेणारे कोण आहेत? गोलीने अडवलेला चेंडू मध्यरेषेपलीकडे पोचलाच नाही, तर डिफेन्सला पुन्हा तिथेच उभे राहावे लागते आणि चौथ्या क्वार्टरमध्ये चांगला डिफेन्सही फुटतो. आमच्या शाळेचा एक अख्खा हंगाम असाच गेला होता.

मेरीलँडकर
नेमके तेच दुखणे आहे. गोलीचा पास लांब आणि अचूक आहे. डावीकडच्या डिफेन्समनला चेंडू घेऊन पळता येते, उजवीकडच्याला येत नाही आणि समोरचे संघ दोन सामन्यांत हे ओळखून गोलीला उजवीकडेच पास द्यायला भाग पाडतील. कोचने लाँग पोलच्या मिडफिल्डरला त्या बाजूला आणण्याची योजना केली आहे असे धाकटा सांगतो. पहिल्या स्क्रिमेजमध्ये (सराव सामन्यात) ती योजना कितपत चालते ते पाहून इथेच लिहीन.