डावीकडे सरकतंय म्हणून लगेच ट्रिम नको

रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर हवेत स्थिर धरल्यावर डावीकडे सरकत असेल तर रिमोटवरचं ट्रिम (काडी मध्यावर असतानाही थोडा कल देणारं छोटं बटण) उजवीकडे घ्या, असा सल्ला देतात. फ्लायबार (पात्यांसोबत फिरून मॉडेल स्थिर ठेवणारी वजनाची दांडी) असलेल्या जुन्या मॉडेलला हे चालतं. ही दांडी नसलेल्या, म्हणजे फ्लायबारलेस मॉडेलला मात्र असं अजिबात करू नका. तिथला जायरो (मॉडेलचं कलणं ओळखून ते सावरणारा सेन्सर) ट्रिमला 'मला कलत राहा' असा हुकूम समजतो आणि मॉडेल हळूहळू एका बाजूला झुकत जातं. स्वॉशप्लेट (पात्यांचा कल बदलणारी, रोटरखालची चकती) वाकडी असेल तर मोटरची वायर काढून, तिला जोडलेल्या लिंकची, म्हणजे छोट्या दांड्यांची लांबी बदलून ती सपाट करायची.

दुसरं म्हणजे, थोडं डावीकडे सरकणं हा बिघाड नसतोच. वरून पाहिल्यावर मुख्य रोटर (वरचा मोठा पंखा) घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा) शेपटीला डावीकडे ढकलतो आणि त्या जोराने अख्खं मॉडेलच डावीकडे जायला लागतं. म्हणून ते किंचित उजवीकडे कललेलंच स्थिर राहतं. एकावर एक, उलट दिशांना फिरणारे दोन रोटर असलेल्या मॉडेलला हा प्रश्न येत नाही. शिवाय नवशिके घाबरून जमिनीपासून वीतभरच उंचीवर ठेवतात आणि तिथेच फसतात, कारण पात्यांची हवा जमिनीवर आपटून पसरते आणि मॉडेल डगमगतं. शेपटी आपल्याकडे ठेवून, चांगलं पाच-सहा मीटर लांब उभं राहून, ते सरळ छातीच्या उंचीला न्या आणि मगच काय सरकतंय ते ठरवा.