ताफ्यात टक्कर झाली तर दोष कोणाचा? ('क्वीन मेरी' व 'क्युरासोआ' प्रकरण)

प्रश्न:
नौदलाच्या संरक्षणाखाली जाणारे जहाज आदेशाबरहुकूम नागमोडी मार्गाने चालले असताना संरक्षक जहाजावरच आदळले, तर कप्तान आणि जहाजमालक जबाबदारीतून सुटतात का? २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस सैनिक नेणाऱ्या 'क्वीन मेरी' या प्रवासी जहाजाच्या धडकेने तिचे संरक्षण करणाऱ्या 'क्युरासोआ' या क्रूझरचे (ब्रिटिश युद्धनौकेचे) दोन तुकडे झाले, त्या संदर्भात विचारतो आहे.

प्रतिसाद १:
सुटत नाहीत. संरक्षणाखाली असल्यामुळे टेहळणीचे कर्तव्य संपत नाही. 'क्वीन मेरी' २८.५ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने ठरलेली वळणे घेत होती आणि तिच्याहून मंद असलेली 'क्युरासोआ' सरळ चालली होती. मागून येणाऱ्याने वाट सोडून जावे, हा नियम क्रूझरच्या कप्तानाला आपल्या बाजूचा वाटत होता, तर संरक्षक जहाजच बाजूला होईल, असे 'क्वीन मेरी'च्या ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) गृहीत धरले गेले. भर दिवसा, स्वच्छ हवेत, दोघांनाही एकमेकांची जहाजे दिसत असताना तीनशेहून अधिक नौसैनिकांचा जीव गेला.

प्रतिसाद २:
निकालांचा क्रम महत्त्वाचा आहे. १९४७ मध्ये न्यायमूर्ती पिल्चर यांनी सगळा दोष क्रूझरवर ठेवला. त्याच वर्षी अपील न्यायालयाने दोन तृतीयांश दोष नौदलाचा आणि एक तृतीयांश 'क्वीन मेरी'ची मालक असलेल्या क्युनार्ड व्हाइट स्टार कंपनीचा ठरवला, आणि १९४९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) तो निकाल कायम केला. मला अपिलाचाच निकाल न्याय्य वाटतो, कारण वाट देणे हे दुसऱ्याचे काम असले, तरी तो ती देत नाही हे दिसू लागल्यावर ८१,००० टनांच्या जहाजाने वेळीच सुकाणू फिरवायला हवे. अशी दोषाच्या प्रमाणातली वाटणी ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्यामुळे शक्य झाली. त्याआधी दोघेही दोषी ठरले की नुकसान निम्मे-निम्मे वाटले जाई. आपल्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही प्रमाणाचेच तत्त्व होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग टक्करीनंतर 'क्वीन मेरी' थांबली नाही, त्याचे काय?

प्रतिसाद ३:
धडक बसलेल्या जहाजाला मदत करणे कप्तानावर तेव्हाही बंधनकारक होते. मात्र स्वतःचे जहाज, खलाशी व प्रवासी धोक्यात न घालता जेवढी शक्य असेल तेवढीच. जहाजावर दहा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक होते, पाणबुड्यांच्या भीतीमुळे न थांबण्याचा आदेश होता, आणि बुडणाऱ्यांना वाचवण्याचे काम मागून आलेल्या विनाशिकांनी केले.